चाक बसले, पण जुळले का?

मोटारीच्या टायरच्या बाजूला रबरातच उठवलेली एक ओळ असते : १८५/६५ आर १५ ८८ एच. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ही रुंदी रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची नव्हे. हवा भरल्यावर एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंत मोजलेली. दुसरा आकडा टक्क्यांचा आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. ‘आर’नंतरचे १५ हे चाकाच्या व्यासाचे इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा तिहेरी कारभार आहे. मधल्या ‘आर’चा अर्थ ‘रेडियस’ असा सांगणारे दुकानदारही भेटतात, पण १५ इंच ही चाकाची त्रिज्या धरली तर ते चाक ट्रकच्या चाकापेक्षाही मोठे होईल. ‘आर’ म्हणजे रेडियल. टायरच्या आतले धागे काठापासून काठापर्यंत, चाकाच्या आऱ्यांसारखे, आडवे बसवलेले असतात. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि आज मोटारींचे टायर बहुतेक याच रचनेचे असतात.

या ओळीतून टायरचा बाहेरचा व्यास काढता येतो आणि गाडीशी जुळणी होते की नाही हे बरेचसे त्या एका आकड्यावर ठरते. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंतींचे २४०.५ मिलिमीटर मिळवले की ६२१.५ मिलिमीटर होतात. असे चाक एका फेऱ्यात १.९५ मीटर अंतर कापते आणि एका किलोमीटरला सुमारे ५१२ फेरे घेते. गिअरबॉक्समधील दात, वेगमापक, किलोमीटरची नोंद, चाक किती अडकले हे ओळखणारी एबीएस यंत्रणा, हे सगळे या फेऱ्यांच्या हिशेबावर बेतलेले असते.

मारुती सुझुकीच्या स्विफ्टचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. या गाडीच्या खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५ असे टायर कंपनीनेच दिलेले आहेत. दोन्ही चाके शेजारी ठेवली तर पंधरा इंची चाक भारदस्त दिसते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. चौदा इंची टायरचा बाहेरचा व्यास ६१९.६ मिलिमीटर आहे. दोन्हींतला फरक दोन मिलिमीटरही भरत नाही. धातूचे चाक जेवढे वाढले तेवढी रबराची भिंत उतरवली, एवढेच. हाच हिशेब पुढे नेला तर सोळा इंची चाकासाठी १९५/५५ आर १६ हा आकार येतो आणि त्याचा व्यास ६२०.९ मिलिमीटर निघतो. एक इंच मोठे चाक आणि तेवढ्याच मापाने बुटका टायर, ही मोठे चाक बसवण्याची शुद्ध रीत.

गफलत होते ती दुसऱ्या वाटेने. चाक तेच ठेवून टायर ‘एक नंबर मोठा’ टाकायचा, म्हणजे १८५च्या जागी २०५/६५ आर १५ बसवायचा, की व्यास ६४७.५ मिलिमीटरवर जातो. वाढ ४.२ टक्क्यांची. गाडी तेरा मिलिमीटर उचलली जाते आणि गतिरोधकावर पोट घासत नाही, म्हणून हा उद्योग लोकप्रिय आहे. पण काट्यावर १०० दिसत असताना चाके १०४च्या हिशेबाने पळत असतात. वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालेल, असा दंडक असल्याने कंपन्या काटा मुळातच किंचित पुढे ठेवतात. मोठा टायर ती राखीव जागा खाऊन टाकतो. शिवाय सगळे गिअर जड होतात. सपाटीवर हे जाणवत नाही, पण पाच माणसे आणि सामान घेऊन आंबोलीचा घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन दमते आणि पहिला टाकावा लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासणे हे तर ठरलेलेच. ते घासणे बहुधा दुकानातल्या रिकाम्या गाडीत दिसत नाही. मागे तीन माणसे बसली आणि गाडी खड्ड्यात दबली की ऐकू येते. एकूण व्यासात दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये, हा या धंद्यातला जुना आणि शहाणा ठोकताळा आहे.

आता ओळीचा उरलेला भाग. ८८ हा भारांक आहे, किलो नव्हे. ठरलेल्या तक्त्यात ८८ समोर ५६० किलो, ८७ समोर ५४५ किलो आणि ९१ समोर ६१५ किलो लिहिलेले असतात. योग्य हवा असताना एक टायर एवढे वजन पेलतो. नवा टायर घेताना हा आकडा मूळ आकड्यापेक्षा वर असला तरी हरकत नाही, खाली मात्र नको. आकार मोठा म्हणजे ताकद जास्त, असे इथे नसते. वर सांगितलेला १९५/५५ आर १६ हा दिसायला रुबाबदार टायर बऱ्याचदा ८७ भारांकाचा असतो, म्हणजे मूळ पंधरा इंचीपेक्षा एका पायरीने कमी. तोच आकार ९१ भारांकातही ‘एक्स्ट्रा लोड’ या खुणेसह मिळतो, मात्र त्याची पूर्ण ताकद घ्यायची तर त्यात हवाही जास्त भरावी लागते.

शेवटचे अक्षर वेगाचे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१० आणि व्ही २४०. इथे इंग्रजी वर्णमालेचा क्रम मोडून एच हे अक्षर टीच्या पुढे जाऊन बसले आहे, त्यामुळे अंदाजाने वाचणाऱ्याची हमखास चूक होते. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० किलोमीटरची मर्यादा असताना २१०चा टायर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण हे अक्षर उष्णता सोसण्याच्या ताकदीचेही माप आहे आणि ते माप नव्या, पुरेशी हवा भरलेल्या टायरचे आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते आणि दुमडण्याने तापते. एका किलोमीटरला पाचशे वेळा, तेही उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास. टायर फुटण्याच्या पुष्कळ घटनांची सुरुवात अशी कमी हवेतून, जादा वजनातून किंवा जुनाट रबरातून होते. परिवहन विभागाने २०२३ मध्ये समृद्धीवर टायरची तपासणी सुरू केली ती याच काळजीपोटी. हवा किती हवी हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत लिहिलेले असते, आणि मंजूर टायरचा आकारही तिथेच असतो. पंपावर सवयीने ‘तीस भर’ म्हणण्यापूर्वी ती पट्टी एकदा वाचली तर अर्धे प्रश्न मिटतात.

मोठ्या चाकाची खरी किंमत खड्ड्यात कळते. चौदा इंची स्विफ्टच्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच, सोळा इंची जोडीत ती १०७वर येते, आणि त्यातलाही थोडा भाग रिमच्या कडेआड लपलेला असतो. खड्ड्याची धार आणि धातू यांच्यामध्ये रबर आणि हवा यांची तेवढीच गादी उरते. जोराचा धक्का बसला की भिंत रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि त्या जागी टायरला फुगा येतो. पंक्चर काढता येते, फुग्याला मात्र इलाज नाही; तो टायर बदलावाच लागतो. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ करणारे कारागीर गावोगाव आहेत. मॅग व्हील, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक, वाकले तर दुरुस्ती कठीण आणि तडकले तर भंगारात. वाईट रस्त्यांसाठीच बनलेली मारुतीची जिमनी १९५/८० आर १५ टायरवर, म्हणजे १५६ मिलिमीटर उंच भिंतीवर उभी आहे, हे पुरेसे बोलके आहे. बुटक्या भिंतीचा टायर वळणावर कमी लवतो आणि स्टिअरिंगला चटकन दाद देतो, हा त्याचा खरा गुण. पण राज्य मार्गांवर रोज ये-जा करणाऱ्याने मूळ आकारावर एक इंचापलीकडे जाऊ नये. खालच्या प्रकाराचे साधे चौदा इंची चाक हे तर गरिबीचे नव्हे, सोयीचे लक्षण मानायला हवे. रुंदीचेही तसेच आहे. कोरड्या रस्त्यावर रुंद टायरची पकड वाढते, पण कोकणातल्या आषाढसरीत साचलेले पाणी बाजूला सारायला त्याला जास्त कष्ट पडतात आणि तो अरुंद टायरपेक्षा लवकर पाण्यावर तरंगू लागतो.

टायरचे गणित सोपे म्हणावे असे खुद्द चाकाचे प्रकरण आहे. चाकावर ‘१५ × ५.५ जे’ अशी खूण असते. ५.५ ही चाकाच्या दोन कडांमधली रुंदी इंचांत, आणि ‘जे’ हा कडेच्या आकाराचा प्रकार. प्रत्येक टायरला चाकाच्या रुंदीची एक मर्यादा असते. १८५/६५ आर १५ साठी ती ५ ते ६.५ इंच आहे. त्याहून रुंद चाकावर टायर ताणून बसवला की कडा उघड्या पडतात आणि टायर रिमवरून निसटण्याचा धोका वाढतो. अरुंद चाकावर तोच टायर मधोमध फुगतो आणि वळणावर डुलतो.

नंतर नटांची भोके. त्या भोकांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाला गॅरेजमध्ये ‘पीसीडी’ म्हणतात. ४ × १०० म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार भोके. स्विफ्ट, आय-२० आणि होंडा सिटी यांची मापे हीच. फोक्सवॅगन पोलोची पाच भोके १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, ह्युंदाई क्रेटाची ११४.३ वर. हा विचित्र वाटणारा आकडा म्हणजे साडेचार इंच, आणि जिमनीचे १३९.७ म्हणजे साडेपाच इंच. मेट्रिक मापांच्या जगात इंच असे चोरपावलांनी टिकून आहेत. चार भोकांच्या चाकावर समोरासमोरच्या दोन भोकांमधले अंतर मोजले की काम होते. पाच भोकांत समोर कोणीच नसते. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंतील अंतराला १.७ने गुणावे. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेल्या फियाटच्या पुंटो आणि लिनिया या गाड्यांचा पीसीडी ४ × ९८ आहे. दोनच मिलिमीटरचा फरक असल्याने बाजारातले ४ × १०० चे चाक त्यांना ‘ओढून’ बसवता येते. पण मग प्रत्येक बोल्ट तिरका खेचला जातो, चाक मध्यावर बसत नाही आणि बोल्ट सैल होत राहतात. चाकांच्या बाबतीत बसवता येणे ही परीक्षाच नव्हे.

पीसीडी जुळला तरी चाकाच्या मधल्या मोठ्या भोकाचा प्रश्न उरतो. स्विफ्टच्या हबला ५४.१ मिलिमीटरचे भोक लागते, सिटीच्या हबला ५६.१. त्यामुळे स्विफ्टचे चाक सिटीवर चढतच नाही आणि सिटीचे चाक स्विफ्टवर चढते, पण चहूबाजूंनी एक मिलिमीटर मोकळे राहते. बाजारातली सुटी मॅग व्हील्स अनेक गाड्यांना चालावीत म्हणून याहून पुष्कळ मोठ्या भोकाची असतात. ती मोकळी जागा भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी मिळते. ती न घालता चाक आवळले तर ते मध्यापासून केसभर सरकून बसू शकते आणि ताशी ८०-१०० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरू लागते. मालक बॅलन्सिंग करून घेतो, पुन्हा करून घेतो, टायरला शिव्या देतो; दोष मात्र काही रुपयांच्या कडीचा असतो.

नटांचेही नखरे आहेत. सुझुकीच्या नटांचे आटे १.२५ मिलिमीटर अंतराचे, होंडा आणि ह्युंदाईचे १.५ चे. जाडी सारखीच, १२ मिलिमीटर, म्हणून एकाचा नट दुसऱ्यावर पहिला वेढा घेतो आणि मग अडतो. तिथे पान्यावर जोर लावला की आटे गेलेच. नटाचे बूडही महत्त्वाचे. होंडाच्या मूळ चाकांना गोल बुडाचे नट लागतात, तर बाजारातल्या बहुतेक मॅग व्हील्सना निमुळत्या बुडाचे. गोल खळग्यात निमुळता नट फक्त एका कडेवर टेकतो; आवळल्यासारखा वाटतो, पण पकड नसते.

सर्वांत कमी विचारले जाणारे आणि सर्वांत जास्त बिघडवणारे माप म्हणजे ऑफसेट. चाकाचा जो पृष्ठभाग हबला चिकटतो तो चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हे माप. चाकावर ते ‘ईटी ४५’ असे कोरलेले असते. आकडा कमी होत गेला की चाक बाहेर येते, वाढला की आत, सस्पेन्शनच्या दिशेने सरकते. समजा ५.५ इंची, ईटी ४५ चे चाक काढून ७ इंची, ईटी ३८ चे बसवले. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिलिमीटरने वाढली. ती निम्मी आत आणि निम्मी बाहेर, १९-१९. ऑफसेट ७ने उतरल्यामुळे सगळे चाक आणखी ७ मिलिमीटर बाहेर गेले. म्हणून बाहेरची कड २६ मिलिमीटर बाहेर आणि आतली कड १२ मिलिमीटर आत. ही १२ मिलिमीटरची जागा आत शॉकअपपाशी आहे का, आणि २६ मिलिमीटर बाहेर आलेले चाक मडगार्डखाली राहते का, हे दोन प्रश्न खरेदीआधी मोजपट्टी लावून सोडवायचे असतात. चाक बाहेर आले की गाडी ऐटदार दिसते, यात वाद नाही. पण वजनाची रेषा बेअरिंगपासून दूर जाते, बेअरिंग लवकर गुणगुणायला लागतात, आणि एक चाक खड्ड्यात गेले की स्टिअरिंग हातातून हिसकले जाते. शिवाय पावसात उडणारा चिखल थेट दारांवर.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेला सोडून बदल करता येत नाहीत. मडगार्डबाहेर डोकावणारी चाके रस्त्यावर सहज नजरेत भरतात, आणि अपघातानंतर विमा कंपनीही त्यावर बोट ठेवू शकते. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे चाक आणि जो टायर देते तोच जोड खालच्या प्रकाराला घालणे सर्वांत निर्धोक. व्यास, भारांक, पीसीडी, ऑफसेट, सगळा हिशेब कंपनीने आधीच करून ठेवलेला असतो. अशी काढलेली मूळ चाके जुन्या बाजारात मिळतात आणि कित्येकदा अनोळखी नव्या चाकांपेक्षा बरी असतात. फक्त तडा किंवा वाक नाही ना, हे बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून पाहावे.

टायर विकत घेताना आयएसआयची खूण आणि जन्मतारीख पाहावी. लंबगोलातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात; २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर तीन-चार वर्षे गोदामात पडून राहिलेला असू शकतो, आणि रबर न वापरताही म्हातारे होते. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. १.६ मिलिमीटरला त्या तळातल्या उंचवट्यांशी समपातळीत येतात, आणि तिथे कायद्याने टायरचे आयुष्य संपते. पावसाळ्यापुरते बोलायचे तर ते त्याआधीच संपलेले असते.

चारऐवजी दोनच टायर घ्यायचे असले तर नवे मागे लावावेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत बहुतेक जण उलटे करतात, कारण झिजतात पुढचेच. पण पाणी साचलेल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि ते चालकाला लगेच कळते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि तिला सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. एका आसावर दोन वेगळ्या आकारांचे किंवा वेगळ्या नक्षीचे टायर तर नकोतच.

बसवून झाल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट ओघाने आलेच. नट हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत आवळू देऊ नयेत. आधी हाताने, मग समोरासमोरच्या जोड्यांनी, आणि शेवट टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत. मॅग व्हीलचे नट पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे लागतात.

राहिली स्टेपनी. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाके बनवणारी कंपनी निघाली, आणि त्या रस्त्याचे नाव आपल्याकडच्या डिकीत कायमचे येऊन पडले. ऑक्टोबर २०२०पासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे किट असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही, तरी बहुतेक गाड्यांत ती असते आणि चारही चाके बदलताना विसरली जाते. तिचा बाहेरचा व्यास नव्या चाकांशी जुळायला हवा. आणि ती जुन्या लोखंडी डिस्कची असेल तर मॅग व्हीलचे नवे नट तिला बसतीलच असे नाही, म्हणून मूळ नटांचा एक संच जॅकच्या पिशवीत ठेवावा.